बारा वर्षांचे पीक

२०२४ सालच्या नोव्हेंबरातील तो अखेरचा शनिवार होता. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्याचे शार्लट हे मोठे शहर अजून पुरते जागे झाले नव्हते. परंतु तेथील एका घरासमोर पहाटेपासूनच लगबग चालली होती. वडिलांनी मोटारीच्या मागील बाजूस दोरखंडाचे वेटोळे, एक जुनी चादर आणि सर्वांचे जाड हातमोजे ठेवले. आईने फराळाचा डबा घेतला. आठ वर्षांचा धाकटा मुलगा उड्या मारीतच गाडीत जाऊन बसला. त्याची बारा वर्षांची बहीण मात्र काहीशी गंभीर होती. तिने आपल्या कोटाच्या खिशात हात घालून आत एक लाल फीत आहे ना, याची पुन्हा एकदा खात्री करून घेतली आणि मग ती गाडीत चढली.

ही मंडळी नाताळचे झाड आणावयास निघाली होती.

येशू ख्रिस्ताचा जन्मदिवस म्हणून २५ डिसेंबर हा दिवस ख्रिस्ती लोक मोठ्या आनंदाने साजरा करतात. आपण त्या सणाला नाताळ म्हणतो. हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ जन्मासंबंधीचा असा आहे. या सणाच्या सुमारास युरोप व अमेरिका खंडांच्या उत्तरेकडील देशांत कडाक्याची थंडी असते. बहुतेक वृक्षांची पाने गळून गेलेली असतात. अशा उजाड ऋतूत काही झाडे तेवढी हिरवीगार राहतात. त्यांची पाने सुईसारखी असतात, म्हणून त्यांना सूचिपर्णी वृक्ष म्हणतात. त्यांतीलच एखादे लहानसे झाड घरात आणावे, ते दिव्यांनी व रंगीत वस्तूंनी सजवावे आणि त्याभोवती सर्व कुटुंबाने जमावे, अशी त्या देशांतील लोकांची प्रथा आहे.

ही प्रथा मूळची जर्मन भाषा बोलणाऱ्या प्रदेशातील. आज फ्रान्समध्ये असलेल्या स्ट्रासबर्ग शहरातील लोक घरात फर जातीची झाडे उभी करीत आणि त्यांवर कागदी गुलाब, सफरचंदे व मिठाई टांगीत, असा उल्लेख १६०५ सालच्या एका लेखात सापडतो. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिचे पती आल्बर्ट हे जर्मनीतले. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी, आल्बर्ट आणि त्यांची मुले अशा सजविलेल्या झाडाभोवती उभी आहेत, असे चित्र प्रसिद्ध झाले. तेव्हापासून ही प्रथा इंग्लंडातही घरोघर पसरू लागली. अमेरिकेत ती जर्मन लोकांबरोबर आली. आरंभी लोक रानात जाऊन झाड तोडून आणीत. पुढे मागणी वाढली, रानातील झाडे कमी होऊ लागली, आणि मग धान्य किंवा भाजीपाला पिकवावा त्याप्रमाणे ही झाडे शेतात लावून वाढविण्याची कल्पना काही शेतकऱ्यांना सुचली. १९०१ साली न्यू जर्सी राज्यातील एका शेतकऱ्याने अशी सुमारे २५,००० रोपे लावली. आज अमेरिकेत हजारो शेतकरी हे पीक घेतात. उत्तर कॅरोलिनाचा पश्चिमेकडील डोंगराळ भाग त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. तेथील झाडे अमेरिकेच्या अध्यक्षांच्या निवासस्थानीही अनेकदा गेलेली आहेत.

मोटार डोंगराकडे धावू लागली. दरवर्षी हा प्रवास म्हणजे गाण्यांचा व हसण्याखिदळण्याचा असे. यंदा मात्र तासाभराने गाडीतील बोलणे आपोआप थांबले. रस्त्याच्या कडेला मोडक्या घरांचे ढीग दिसू लागले. ओढ्यांच्या पात्रांत मोठमोठे वृक्ष मुळांसकट आडवे पडले होते. एका ठिकाणी पूल वाहून गेला होता व गाडीला लांबचा वळसा घ्यावा लागला.

दोनच महिन्यांपूर्वी, सप्टेंबरच्या अखेरीस, ‘हेलेन’ नावाचे चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आदळून या डोंगरांपर्यंत येऊन पोहोचले होते. तीन दिवसांत काही ठिकाणी वीस इंचांहून अधिक पाऊस कोसळला. नद्यांना महापूर आले, डोंगरांच्या दरडी खचल्या. एकट्या उत्तर कॅरोलिनात शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. समुद्रापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या त्या डोंगरी लोकांनी वादळाचा असा तडाखा पूर्वी क्वचितच अनुभवला होता.

“यंदा शहरातील बाजारातूनच झाड घ्यावे, असे मला वाटत होते,” वडील म्हणाले. “रस्ते अजून धड नाहीत.”

“दरवर्षी ज्यांच्या मळ्यातून आपण झाड आणतो, त्यांच्यावर संकट आले असता त्याच वर्षी त्यांच्याकडे पाठ फिरवायची, हे बरे दिसेल का?” आईने उत्तर दिले.

मुलीने काहीच म्हटले नाही. तिला दुसरीच काळजी लागली होती. गतवर्षी मळ्याच्या वरच्या उतारावर तिने एक झाड हेरून ठेवले होते. ते तेव्हा जेमतेम पाच फूट उंच होते. परंतु त्याचा घेर इतका सुडौल आणि त्याचा शेंडा इतका सरळ होता की, “पुढच्या वर्षी हेच झाड न्यायचे,” असे तिने तेथल्या तेथे ठरवून टाकले. मळ्याच्या मालकांची परवानगी घेऊन तिने त्याच्या फांदीला एक लाल फीत सैल बांधली होती आणि तशीच दुसरी फीत स्वतःपाशी जपून ठेवली होती. तीच आता तिच्या खिशात होती.

समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून अधिक उंचीवर तो मळा होता. गाडी थांबताच थंड वाऱ्याबरोबर सूचिपर्णी वृक्षांचा ताजा, किंचित राळेसारखा सुगंध आला. समोरच्या उतारावर हिरव्या शंकूंच्या रांगामागून रांगा उभ्या होत्या. मळ्याचे वृद्ध मालक फाटकापाशी उभे होते. त्यांचे वय बहात्तर वर्षांचे होते. त्यांनी चौघांचेही हात हातात घेतले.

“तुम्ही आलात, फार बरे झाले,” ते म्हणाले. “यंदा कोणी येईल की नाही, अशी शंका होती.”

मुलीची नजर त्यांच्या खांद्यावरून वरच्या उताराकडे गेली, आणि ती जागच्या जागी थबकली. जेथे झाडांच्या रांगा असावयाच्या तेथे डोंगराच्या अंगावर तांबड्या मातीचा व उघड्या खडकांचा एक रुंद पट्टा वरपासून खालपर्यंत ओढल्यासारखा दिसत होता. झाडे नव्हती, कुंपण नव्हते, तिकडे जाणारी पायवाटही नव्हती.

“माझे झाड तेथे होते,” ती हळूच म्हणाली.

“होय, मुली. तुझी लाल फीत मला आठवते,” वृद्ध शेतकरी म्हणाले. “या उन्हाळ्यात छाटणी करताना मी ते झाड मुद्दाम पाहिले होते. त्या रात्री दरड कोसळली आणि हजारावर झाडे तिच्याबरोबर खाली गेली.”

मुलीच्या डोळ्यांत पाणी तरळले. धाकटा भाऊ करवत हवी म्हणून आईचा हात ओढीत होता. पण ती म्हणाली, “मला यंदा झाडच नको. आधीच इतकी झाडे गेली आहेत. उरलेल्यांपैकी आणखी एक आपण कशाला कापायचे?”

वडील तिची समजूत घालणार होते. परंतु शेतकऱ्यांनी त्यांना हाताने थांबविले. “प्रश्न योग्य आहे,” ते म्हणाले. “माझ्याबरोबर ये. कापायचे की नाही, ते तू नंतर ठरव.”

ते सर्वांना प्रथम घरामागील वाफ्यांकडे घेऊन गेले. तेथे वीतभर उंचीची हिरवी रोपे दाटीवाटीने उभी होती. एवढीशी रोपे पाहून धाकट्याला हसू आले. “ही तर खेळण्यातली झाडे!” तो म्हणाला.

“ही खेळण्यातली झाडे तुझ्या वयाच्या निम्म्या वयाची आहेत,” शेतकरी म्हणाले. मग त्यांनी या पिकाची सारी हकीकत सांगितली.

या झाडाचे नाव फ्रेझर फर. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन फ्रेझर नावाचा एक स्कॉटिश वनस्पतिसंशोधक या डोंगरांत हिंडला होता. त्याच्यावरून हे नाव पडले. हे झाड रानात आपोआप उगवते ते केवळ या पर्वतरांगेच्या अतिउंच माथ्यांवर. त्याची फळे शंकूच्या आकाराची असून ती फांदीवर उभी राहतात आणि पिकली की झाडावरच त्यांचे पापुद्रे सुटून बी वाऱ्यावर उडून जाते. म्हणून ती फुटण्यापूर्वीच उंच झाडांवर चढून गोळा करावी लागतात. त्यांचे बी वाफ्यात पेरतात. कोवळ्या रोपांना कडक ऊन सोसत नाही, म्हणून त्यांच्यावर सावलीसाठी कापड ताणतात. दोन-तीन वर्षांनी ती रोपे उपटून दुसऱ्या वाफ्यात थोडी दूर दूर लावतात. तेथे ती आणखी एक-दोन वर्षे वाढतात. चार-पाच वर्षांनी रोप शेतात लावण्याजोगे होते, तेव्हा ते जेमतेम गुडघ्यापर्यंत येते.

शेतात लावल्यावर खरी राखण सुरू होते. भोवतीचे गवत रोपाला झाकून टाकू नये म्हणून ते कापावे लागते. मुळांशी पाणी साचले तर मुळे कुजतात, म्हणून उताराची व निचऱ्याची जमीन निवडावी लागते. झाड दोन-तीन फुटांचे झाले की दर उन्हाळ्यात त्याची छाटणी करतात. मेक्सिकोतून हंगामापुरते आलेले अनेक कामगार या मळ्यांत राबतात. ते पायांना संरक्षक कवच बांधून, लांब पात्याची धारदार सुरी फिरवीत एकेका झाडाभोवती फिरतात. शेंडा एकच राहील आणि फांद्या दाट होऊन शंकूचा आकार धरतील, अशा बेताने प्रत्येक झाड हाताने छाटले जाते. अशा रीतीने शेतात आणखी सात-आठ वर्षे गेल्यावर सहा-सात फूट उंचीचे झाड तयार होते.

“म्हणजे एकंदर बारा वर्षे!” मुलगी मनाशी हिशेब करून म्हणाली.

“होय. बी पेरल्यापासून बारा वर्षे. यंदा जी झाडे कापावयाची आहेत, त्यांचे बी पेरले त्या वर्षी तू पाळण्यात होतीस.”

मुलगी क्षणभर गप्प राहिली. ज्वारीचे पीक चार-पाच महिन्यांत हाती येते. ऊस वर्ष-दीड वर्षात तोडणीला येतो. परंतु ज्या पिकासाठी एक तप वाट पाहावी लागते, ते पिकविणाऱ्याच्या अंगी केवढी चिकाटी असली पाहिजे! आणि तेच पीक एका रात्रीत दरडीखाली गेले, तर त्याला काय वाटत असेल! समोरच्या तांबड्या पट्ट्याकडे पाहताना आता तिला केवळ आपले एकच झाड आठवत नव्हते.

“मग आता तुम्ही काय करणार?” तिने विचारले.

“जे बारा वर्षांपूर्वी केले तेच,” शेतकरी म्हणाले. “त्या उतारावर लगेच काही लावता येणार नाही. माती वाहून गेली, खडक उघडा पडला. आधी तेथे गवत धरवावे लागेल. पण खालच्या शेतात जागा आहे. ही रोपे वसंत ऋतूत तेथे जातील. परंतु त्यासाठी तेथील तयार झाडे आधी निघाली पाहिजेत. कोणी कापून नेली नाहीत, तर जागाही मोकळी होणार नाही आणि मजुरीला व नव्या रोपांना पैसाही मिळणार नाही.”

“पण न कापता ती तशीच वाढू दिली तर?”

“ही झाडे पाच-पाच फुटांच्या अंतराने लावलेली आहेत. रानात हे झाड चाळीस फुटांहूनही उंच वाढू शकते. येथे तशी वाढू दिली, तर ती एकमेकांचा उजेड अडवितील व खालच्या फांद्या वाळून जातील. रान हे रान असते, मुली, आणि शेत हे शेत. रानातील झाड तोडले, तर तेथे दुसरे लावणारा कोणी असेलच, असे नाही. येथे मात्र झाड निघाले की त्याच्याजवळ दुसरे लावायचे, हा नियमच आहे.”

मग त्यांनी दूरच्या धूसर शिखरांकडे बोट दाखविले. त्या उंच माथ्यांवरील रानटी फर वृक्षांवरही एकदा मोठे संकट ओढवले होते. युरोपातून आलेला मावा-जातीचा एक अतिसूक्ष्म कीटक १९५७ साली माउंट मिचेल या शिखरावर आढळला. ६,६८४ फूट उंचीचे हे शिखर अमेरिकेच्या पूर्व भागात सर्वांत उंच आहे. पुढील काही दशकांत या कीटकाने त्या माथ्यांवरील बहुतेक मोठी झाडे वाळवून टाकली. पांढरे पडलेले त्यांचे सांगाडे कित्येक वर्षे उभे होते. परंतु मरण्यापूर्वी त्या झाडांनी टाकलेल्या बियांतून पुन्हा नवी रोपे उगवली. मळ्यांतील झाडांवरही हा कीटक येतो. तेथे शेतकऱ्याचा डोळा सतत झाडांवर असतो, म्हणून ती वाचतात.

मुलीने हातमोजे चढविले. “चला, आपण झाड शोधू,” ती म्हणाली.

शेतकऱ्यांनी त्यांना एक वाकड्या मुठीची करवत आणि फुटांच्या खुणा केलेली एक लांब काठी दिली. शोध सुरू झाला. धाकट्याला सर्वांत उंच झाड हवे होते. वडिलांनी काठी लावून पाहिली, तो ते दहा फूट भरले. “आपले छत आठ फुटांवर आहे,” आई म्हणाली. “झाडाखाली ठेवायची बैठक आणि शेंड्यावरचा तारा यांनाही जागा हवी ना?” रानात झाड लहान दिसते आणि घरात आणले की मोठे होते, हा अनुभव दरवर्षी कोणाला ना कोणाला येतोच. एक झाड एका बाजूने विरळ होते. दुसऱ्याचे खोड खाली वाकलेले होते. अखेर तिसऱ्या रांगेच्या टोकाला साडेसहा फूट उंचीचे एक झाड मुलीला दिसले. तिने त्याची एक फांदी हळूच उलटी केली. सुया चपट्या व बोथट होत्या. त्या हाताला टोचत नव्हत्या आणि त्यांच्या खालच्या अंगास दोन रुपेरी रेघा चमकत होत्या.

“हे,” ती म्हणाली.

वडील ओल्या जमिनीवर चादर पसरून आडवे झाले व खालच्या फांद्यांत शिरले. “करवत मला द्या,” मुलगी म्हणाली. वडिलांनी जागा करून दिली. तिने जमिनीलगत खोडाला करवत लावली. आरंभी पाते घसरले. मग वडिलांनी सांगितल्याप्रमाणे ती लांब, सावकाश ओढीने कापू लागली. पांढराशुभ्र भुसा गळू लागला. निम्मे खोड कापून झाल्यावर करवत अडकू लागली, तेव्हा आईने झाड वरून धरून पलीकडे किंचित कलते केले. त्यामुळे काप उघडा झाला व पाते मोकळे चालू लागले. धाकट्याला अखेरची चार-पाच ओढी मिळाल्या. एक बारीकसा आवाज झाला आणि झाड आईच्या हातांवर अलगद झुकले.

कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. मुलगी खुंटाजवळ गुडघे टेकून बसली. चार इंच रुंदीच्या त्या ताज्या कापावर एकात एक अशी वलये दिसत होती. दर वर्षी खोडात एक नवे वलय तयार होते, हे ती शाळेत शिकली होती. बोटाच्या नखाने तिने ती मोजली. “दहा,” ती म्हणाली. “पण तुम्ही तर बारा वर्षे म्हणालात!”

शेतकरी हसले. “आपण जमिनीपासून थोडे वर कापले. तेवढे वर यावयाला रोपाला पहिली दोन वर्षे लागली. ती वर्षे खाली, मातीजवळ राहिली आहेत.”

झाड वाहून आणल्यावर ते एका यंत्रावर उभे करून गदगदा हलविण्यात आले. आतील वाळक्या सुया व धूळ झडून गेली. नंतर एका मोठ्या कड्यातून ओढताच त्याच्याभोवती जाळीचे वेष्टण बसले व सर्व फांद्या मिटलेल्या छत्रीसारख्या आवळल्या गेल्या. वडिलांनी ते मोटारीच्या टपावर चादर घालून बांधले. बुंधा पुढे व शेंडा मागे ठेवला, म्हणजे वेगाने येणारा वारा फांद्यांना उलट्या दिशेने पिंजारीत नाही.

निघताना शेतकऱ्यांनी मुलीला बजावले, “घरी गेल्यावर बुंध्याचा अर्धा-एक इंच तुकडा पुन्हा कापा, कारण जुन्या कापावर चीक सुकून बसतो आणि झाडाला पाणी पिता येत नाही. मग त्याला लगेच पाण्यात उभे करा. खोडाच्या जाडीच्या दर इंचामागे रोज सुमारे लिटरभर पाणी ते पिईल. पाणी आटू देऊ नका आणि शेकोटीच्या किंवा तापकाच्या जवळ ठेवू नका. सुकलेले झाड ठिणगीने पेटते.”

त्या वर्षी त्या घरात झाडाला पाणी घालण्याचे काम मुलीने दुसऱ्या कोणालाही करू दिले नाही. पहिल्या दिवशी झाड जवळजवळ चार लिटर पाणी प्याले. नाताळच्या रात्री दिव्यांनी ते लखलखत होते, आणि साऱ्या घरात डोंगरावरील तोच सुगंध भरून राहिला होता. सण आटोपल्यावर शहरातील अनेक घरांप्रमाणे त्यांनीही आपले झाड गोळा करणाऱ्या केंद्रावर नेऊन दिले. तेथे यंत्राने त्याचा बारीक चुरा करण्यात आला. असा चुरा बागेतील झाडांच्या मुळांभोवती पसरतात. त्याने मातीतील ओल टिकते व कालांतराने त्याचीच माती होते.

एप्रिल महिन्यात ही मंडळी पुन्हा त्या डोंगरावर गेली. या वेळी गाडीत दोरखंड नव्हता. खालच्या शेतात लावणी चालू होती. आपल्या झाडाचा खुंट मुलीने चटकन ओळखला. ताजा पांढरा काप आता करड्या रंगाचा झाला होता. शेतकऱ्यांनी एका लांब लोखंडी हत्याराने खुंटाशेजारी जमीन फोडली. मुलीने वाफ्यातील एक रोप त्या चिरेत सरळ धरले. मुळे दुमडू नयेत म्हणून ते थोडे वर ओढले, आणि मग पायाने भोवतीची माती घट्ट दाबली.

तिने खिशातून लाल फीत काढली व ती रोपाला बांधू लागली.

“झाडाला नको,” शेतकरी म्हणाले. “ते वाढेल आणि फीत त्याला करकचेल. रोपाजवळ काठी रोव आणि तिला बांध.”

तिने तसे केले. मग उभी राहून ती मनातल्या मनात हिशेब करू लागली. आणखी आठ वर्षे. तेव्हा आपण वीस वर्षांच्या होऊ. धाकटा सोळा वर्षांचा होईल. तिने शेतकऱ्यांकडे पाहिले. त्यांचाही हिशेब तिने मनातच केला, पण तो उच्चारला नाही.

शेतकरी मात्र केव्हाच पुढच्या खुंटाकडे वळले होते. त्यांनी हत्यार जमिनीत रोवले आणि मागे न पाहताच हात पुढे करून म्हणाले, “दुसरे रोप दे.”

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे एक-दोन वाक्यांत लिहा.
(अ) मुलीने लाल फीत जवळ का ठेवली होती?
(आ) फ्रेझर फर या झाडाची फळे फुटण्यापूर्वीच का गोळा करावी लागतात?
(इ) खुंटावर दहाच वलये का दिसली?
(ई) मोटारीवर झाड बांधताना बुंधा पुढे का ठेवतात?

२. बी पेरल्यापासून झाड कापणीला येईपर्यंत शेतकऱ्याला कोणकोणती कामे करावी लागतात, ते क्रमाने लिहा.

३. “रान हे रान असते आणि शेत हे शेत,” असे शेतकरी का म्हणाले? तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. शेतकऱ्यांच्या वयाचा हिशेब मुलीने मनातच का ठेवला असेल? वर्गात चर्चा करा.

५. पुढील शब्दांचा व वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : पाठ फिरवणे, डोळ्यांत पाणी तरळणे, समजूत घालणे, चिकाटी, एक तप.

६. तुमच्या परिसरातील एखाद्या शेतकऱ्याला किंवा बागाईतदाराला भेटा. ज्या पिकासाठी वा फळझाडासाठी अनेक वर्षे वाट पाहावी लागते, त्याची माहिती विचारून दहा-बारा ओळी लिहा.